ग्रंथालयातल्या नव्या विद्यार्थी-मदतनिसांसाठी संगणकावरचे धडे कसे तयार करावेत

कोकणातल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांत मनुष्यबळाचं गणित बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. एक ग्रंथपाल, जमलं तर एक सहायक, एक शिपाई आणि ‘कमवा आणि शिका’तून आलेली पाच-सात मुलं. ही मुलं एका दिवशी येत नाहीत. कुणाचा प्रवेश पहिल्या यादीत होतो, कुणाचा तिसऱ्या. कुणी भातलावणी आटोपून येतं, तर कुणी थेट गणपतीनंतर उगवतं. त्यामुळे पुस्तकाच्या लेबलावरचा दशांश कसा वाचायचा, पुस्तक परत कसं घ्यायचं, हे ग्रंथपालाला प्रत्येकाला वेगवेगळं सांगावं लागतं. तेव्हा काउंटरवर रांग असते आणि पाचव्या मुलापर्यंत सांगणं निम्म्यावर आलेलं असतं. त्या मुलाकडून पुढे चुका झाल्या, तर दोष त्याचा नसतो.

यावर मला सर्वांत उपयोगी वाटलेला उपाय म्हणजे ज्याने-त्याने आपल्या वेळेनुसार संगणकावर बघायचे छोटे धडे. मात्र एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. जे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, तेवढंच संगणकाकडे द्यायचं. प्रत्यक्ष कपाटापाशी उभं राहून बघणं, चूक दाखवणं आणि ‘आता तू एकटी सांभाळ’ असं म्हणणं ग्रंथपालानेच करायचं. धड्यांमुळे वेळ वाचतो तो याच कामासाठी.

आधी आठवडाभर वही ठेवा

संगणक उघडण्याआधी काउंटरवर एक वही ठेवा. नव्या मुलांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि केलेली प्रत्येक चूक आठवडाभर एकेका ओळीत लिहा. ‘परत आलेलं पुस्तक नोंद न करता थेट कपाटात ठेवलं.’ ‘संदर्भग्रंथ घरी दिला.’ ‘मॅडम कुठे आहेत विचारल्यावर आत या म्हणाला, वाचक पिशवीसकट आत गेला.’ आठवड्याच्या शेवटी या ओळींचे गठ्ठे पाडा. जितके गठ्ठे, तितके धडे. साधारण सहा होतात: ग्रंथालयाची ओळख आणि वागणूक, लेबल वाचणं, पुस्तक जागेवर लावणं, काउंटरची देवघेव, वाचकांचे प्रश्न आणि पावसाळा.

ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमावरून धडे आखू नका. वर्गीकरणाचा इतिहास रंजक आहे, पण प्रथम वर्षाच्या मुलीला पहिल्या आठवड्यात तो लागत नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे एक मात्र पहिल्याच धड्यात जरूर सांगा. पुस्तक नेमक्या जागी का लावायचं, याचं कारण मुलांना त्यातून कळतं.

एका धड्यात एकच काम आणि जास्तीत जास्त दहा मिनिटं, एवढी शिस्त पाळा. सकाळचं पहिलं लेक्चर सुरू होण्याआधी मुलाकडे अर्धा तास असतो आणि दुपारी गावची एसटी गाठायची असते. तेवढ्यात एक धडा आणि त्याचा सराव आटोपला पाहिजे.

दशांशाचा धडा

सगळ्यांत जास्त कष्ट या धड्यावर घ्या, कारण कपाटातला निम्मा घोळ इथूनच सुरू होतो. उदाहरण आपल्या शेल्फवरचंच घ्या. ड्यूई दशांश वर्गीकरणात, म्हणजे प्रत्येक विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावायच्या पद्धतीत, आंब्याची पुस्तकं ६३४.४४ वर येतात, नारळाची ६३४.६१ वर आणि वनशास्त्राची ६३४.९ वर. नव्या मुलाला ही तीन पुस्तकं क्रमाने लावायला दिली, की बरेचदा वनशास्त्र सर्वांत आधी येतं, कारण ९ लहान आणि ४४ मोठा, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

चूक डोळ्यांची कमी आणि तोंडाची जास्त असते. मूल मनात ‘पॉइंट चव्वेचाळीस’ असं वाचतं. एकदा चव्वेचाळीस म्हटलं की पुढचं सगळं चुकतं. म्हणून धड्यातला पहिला सराव मोठ्याने वाचण्याचाच ठेवा: ‘सहाशे चौतीस पॉइंट चार चार’, ‘सहाशे चौतीस पॉइंट सहा एक’, ‘सहाशे चौतीस पॉइंट नऊ’. पडद्यावर आकडा आणि कानात आवाज, मुलाने मागून म्हणायचं. मग नियम सांगा. दशांशानंतर एका वेळी एकच आकडा बघायचा. चार आधी, मग सहा, मग नऊ. तिथे फरक दिसला की पुढे बघायची गरजच नाही. पहिला आकडा सारखा निघाला तरच दुसऱ्याकडे जायचं. आणि जिथे एकाकडे आकडाच उरला नाही, तिथे तो आधी: ६३४.४ हे ६३४.४४ च्या आधी.

यानंतर लेबलांचे फोटो ओढून क्रमाने लावायचा सराव द्या. फोटो तुमच्याच पुस्तकांच्या पाठीचे असू द्या, मळलेल्या, थोड्या फाटलेल्या लेबलांसकट. इंटरनेटवरचे चकचकीत फोटो बघून शिकलेलं मूल खऱ्या कपाटासमोर गोंधळतं.

उत्तर चुकल्यावर पडद्यावर काय दिसतं, यावर धड्याचा कस लागतो. नुसतं ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ यातून कुणी काही शिकत नाही. तिथे असं लिहा: ‘तुम्ही ६३४.९ आधी ठेवलंत. बहुधा ९ आणि ४४ यांची तुलना केलीत. आता दशांशानंतरचा पहिलाच आकडा बघा, ४ की ९?’ प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे मुलाने नेमका काय विचार केला असेल, हे ओळखून उत्तर लिहायचं. यासाठी ती आठवड्याची वही उपयोगी पडते.

आडनावं, टोपणनावं आणि ळ

वर्गांक, म्हणजे लेबलावरचा विषयाचा आकडा, जमला की त्याखालची लेखकाची अक्षरं येतात. मराठी पुस्तकांपुरता हा भाग बाहेरच्या तयार धड्यात सहसा मिळत नाही, तो आपल्यालाच करावा लागतो.

शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ल नंतर लगेच ळ आहे आणि व, श त्याच्या पुढे. म्हणजे काशीकर आणि काळे यांची पुस्तकं शाळेच्या क्रमाने लावली तर काशीकर आधी, युनिकोडच्या क्रमाने लावली तर काळे आधी. क्ष आणि ज्ञ यांचंही तसंच. कुणी त्यांना क आणि ज मध्ये धरतं, कुणी शेवटी ठेवतं. कोणतीही एक पद्धत चालेल, पण ग्रंथालयात एकच चालली पाहिजे. तुमच्याकडे जी चालते ती धड्यात स्पष्ट सांगा आणि त्या शेल्फचा फोटो दाखवा.

टोपणनावांसाठी धड्यात एक प्रश्न हवाच. वेंगुर्ल्याकडचे चिं. त्र्यं. खानोलकर आणि कवी आरती प्रभू ही एकच व्यक्ती. वाचक काउंटरवर येऊन ‘खानोलकरांच्या कविता’ मागतो. मराठी कविता ८९१.४६१ वर, कादंबरी ८९१.४६३ वर, आणि कवितेच्या लेबलावर बहुतेक ठिकाणी आरती प्रभूंची अक्षरं. नव्या मदतनिसाला हे ठाऊक नसेल तर तो ‘नाहीत’ म्हणून मोकळा होतो आणि पुस्तक दोन कपाटं पलीकडे तसंच राहतं. तुमच्या ग्रंथालयात सतत मागितली जाणारी अशी आठ-दहा नावं काढा आणि त्यांचा ‘जोड्या लावा’चा एक छोटा सराव करा. मुलांना हा भाग आवडतो.

धडा तयार करण्याची साधनं

महागडं काही लागत नाही. लिब्रेऑफिसच्या इम्प्रेसमध्ये किंवा पॉवरपॉइंटमध्ये पानं तयार होतात, आवाज फोनवर रेकॉर्ड होतो आणि पडद्यावरच्या कृती ओबीएस स्टुडिओ या मोफत प्रणालीने टिपता येतात. ओढून लावायचे, जोड्या लावायचे, चित्रं क्रमाने मांडायचे सराव ‘एचफाइव्हपी’ (H5P) या मोफत साधनात चांगले होतात. महाविद्यालयात मूडल ही ऑनलाइन शिकवण्याची प्रणाली असेल तर ते त्यात थेट बसतात. मूडल नसेल तर लुमी नावाचं मोफत अ‍ॅप संगणकावर घ्या. ते हा सराव एका एचटीएमएल फाइलमध्ये काढून देतं आणि ती फाइल कुठल्याही ब्राउझरमध्ये, इंटरनेट नसतानाही उघडते.

आपल्याकडे ही शेवटची सोय मोलाची आहे. पावसाळ्यात वारा सुटला की वीज जाते, वीज आली तरी नेट येतंच असं नाही. धडे ऑनलाइनच ठेवले तर नेमक्या शिकवण्याच्या दिवसांत ते उघडत नाहीत. म्हणून सगळे धडे ग्रंथालयातल्या एका संगणकावर, एका ठळक नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. तो संगणक यूपीएसवर असू द्या आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. गुगल फॉर्मवरची चाचणी सोपी आहे, पण ती जोड म्हणून ठेवा, तिच्यावर सगळी भिस्त नको.

पडद्यावर मजकूर कमी ठेवा आणि पडद्यावर जे लिहिलंय तेच वाचून दाखवू नका. पडद्यावर लेबलाचा फोटो असेल तेव्हा आवाजात सांगा की नजर आधी कुठे टाकायची. बोललेलं सगळं खाली अक्षरांतही द्या. वाचनकक्षात हेडफोन नसेल तर, किंवा एखाद्या मुलाला कमी ऐकू येत असेल तर, त्याचं अडू नये.

आवाज ग्रंथपालाचाच असावा असं नाही. तिसऱ्या वर्षाच्या, दोन वर्षं काउंटर सांभाळलेल्या मुला-मुलींकडून रेकॉर्ड करून घ्या. नवी मुलं मॅडमना विचारायला बिचकतात, ताई-दादांचं मात्र मन लावून ऐकतात. सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयात ‘ह्यां पुस्तक खंय ठेवूचां?’ असा प्रश्न धड्यातल्या नव्या मुलाच्या तोंडी आला तर तो तसाच राहू द्या. पुढचं समजावणं साध्या मराठीत असावं, कारण शेजारच्या बाकावर बाहेरच्या जिल्ह्यातलं मूलही बसलेलं असतं.

काउंटरचा धडा

ग्रंथालयाची संगणक प्रणाली कोहा असो, सोल असो वा ई-ग्रंथालय, पडद्यावरच्या पायऱ्या टिपताना एक पथ्य पाळा. खऱ्या सदस्याची नोंद व्हिडिओत दिसता कामा नये. ‘सराव सदस्य’ या नावाने एक खातं उघडा, दोन-तीन बाद झालेली पुस्तकं सरावासाठी वेगळी ठेवा आणि सगळं त्यांच्यावरच दाखवा. मुलांचं लॉगिनही वेगळं हवं, फक्त देवघेवीपुरत्या परवानगीचं. ग्रंथपालाचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवायची सवय आजच मोडा.

पुस्तक देणं मुलं पटकन शिकतात. चूक होते ती परत घेताना. पुस्तक स्कॅन करायचं, पडद्यावर सदस्याच्या नावावरून ते उतरलं की नाही हे बघायचं, मग पानं भराभर चाळून फाटलेलं-भिजलेलं काही आहे का बघायचं आणि पुस्तक परतीच्या ट्रॉलीवर ठेवायचं. या चारपैकी दुसरी पायरी वगळली जाते. स्कॅनरचा आवाज आला की काम झालं असं वाटतं. महिन्याभराने वाचकाला दंडाचा निरोप जातो आणि तो रागावून येतो, तेव्हा त्याच्याकडे पुरावा काहीच नसतो. म्हणून धड्यात एकदा आवाज येतो पण नोंद होत नाही, असा प्रसंग मुद्दाम ठेवा आणि मुलाला तो पकडू द्या.

वीज गेल्यावर काय करायचं, हा या धड्याचाच भाग आहे, पण तो कागदावर छापून काउंटरच्या काचेखाली ठेवा. गरज पडेल तेव्हा संगणक बंद असेल. दिनांक, वेळ, सदस्य क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक, दिलं की घेतलं: एवढे पाच रकाने असलेली वही पुरते. वीज आल्यावर नोंदी ज्या क्रमाने वहीत आहेत त्याच क्रमाने चढवायच्या, नाहीतर दुपारी परत आलेलं आणि संध्याकाळी दुसऱ्याने नेलेलं पुस्तक कुणाच्याच नावावर राहत नाही.

कुणी काय नेलं हे कुणाला सांगायचं नाही, हा नियम पहिल्याच धड्यात येतो, काउंटरच्या धड्यात तो पुन्हा येऊ द्या. लहान गावात सगळे एकमेकांना ओळखतात. मैत्रीण विचारते, शेजारचे काका विचारतात, कधी प्राध्यापकही सहज विचारतात. अठरा वर्षांच्या मुलीला मोठ्यांना नाही म्हणणं जड जातं. तिला नियम पाठ करायला लावण्यापेक्षा तोंडात बसेल असं वाक्य द्या: ‘सर, ते मला सांगता येत नाही. पुस्तक परत आलं की तुमच्यासाठी राखून ठेवू का?’ धड्यात हे वाक्य तिला तीन वेगवेगळ्या माणसांना तीनदा म्हणायला लावा.

वाचकांच्या प्रश्नांच्या धड्यात फार काही नको. कुठल्या प्रश्नाचं उत्तर आपण द्यायचं आणि कुठला प्रश्न ग्रंथपालाकडे न्यायचा, एवढं कळलं की पुरे. ‘माहीत नाही’ हे शेवटचं वाक्य असू नये. ‘विचारून सांगते’ हे असावं.

पावसाळ्याचा धडा

दुसरीकडच्या ग्रंथालयांत हा विषय परिशिष्टात जात असेल. किनाऱ्यावर तो पहिल्या महिन्यातच शिकवावा लागतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि कितीतरी इमारतींची छपरं उडाली. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये पाणी लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात शिरलं. १८६४ सालच्या या वाचनालयाने त्याआधी २००५ चा पूरही सोसला होता. मुलांना हे सांगा. आपल्या हाताखालची पुस्तकं किती सहज जाऊ शकतात, हे त्यांना जवळच्या गावाच्या उदाहरणाने समजतं.

रोजच्या कामात मुलाने एवढंच करायचं: आत येताना छत्र्या आणि रेनकोट बाहेर, ओल्या हाताने पुस्तक घ्यायचं नाही, सर्वांत खालच्या फळीवर आणि भिंतीला चिकटून पुस्तक लावायचं नाही, फळीवर पुस्तकं दाबून ठासायची नाहीत, कारण मध्ये हवा खेळली पाहिजे. फेरी मारताना मातीची रेघ दिसली तर वाळवी, पानांवर कुरतडल्याच्या खुणा दिसल्या तर कसर, पांढरट किंवा हिरवट ठिपके आणि कुबट वास आला तर बुरशी. यातलं काहीही दिसलं तर मुलाने पुसायचं नाही, फवारायचं नाही. बुरशीचं पुस्तक पिशवीत घालून बाजूला ठेवायचं आणि ग्रंथपालाला सांगायचं. झटकलं तर बुरशी शेजारच्या पुस्तकांवर आणि मुलाच्या छातीतही जाते. दम्याचा त्रास असलेल्या मुलाला या फेरीतून सूट द्या.

भिजलेल्या पुस्तकाचा भाग व्हिडिओत दाखवा, लिहून नीट समजत नाही. एक बाद पुस्तक खरोखर भिजवा आणि कॅमेऱ्यासमोर वाळवा. ओली पानं ओढून सुटी करायची नाहीत. पुस्तक थोडंच ओलं असेल तर उभं ठेवून पानं पंख्यासारखी हलकी पसरायची. जास्त ओलं असेल तर आडवं ठेवून थोड्या थोड्या पानांनंतर न छापलेला कोरा कागद घालायचा आणि तो ओला झाला की बदलायचा. पंख्याची हवा चालते, कडक ऊन आणि हीटर नको. गुळगुळीत कागदाचं पुस्तक भिजलं तर लगेच ग्रंथपालाला गाठायचं, कारण ती पानं वाळताना एकमेकांना कायमची चिकटतात.

दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरू शकते. एकदम शंभर पुस्तकं भिजली तर हाताने वाळवून होत नाहीत, ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून गोठवली तर वेळ मिळतो आणि मग थोडी थोडी काढून वाळवता येतात. हे काम ग्रंथपालाचं. पण किनाऱ्यावर मासळीची शीतगृहं असतात. त्यांपैकी एखाद्याशी मे महिन्यातच बोलून ठेवणं शहाणपणाचं आहे.

कपाटापाशीची तपासणी

धडा पाहिला, सरावात सगळी उत्तरं बरोबर आली, तरी मूल तयार झालं असं समजू नका. ट्रॉलीवर मिसळलेली वीस पुस्तकं द्या आणि जागेवर लावायला सांगा. प्रत्येक पुस्तकात रंगीत कागदाची पट्टी घाला, ती वरून दिसेल अशी. लावून झालं की तुम्ही किंवा जुनी ताई फक्त पट्ट्या बघत फिरा. बरोबर जागी असेल तर पट्टी काढायची, चुकलं असेल तर तशीच ठेवून मुलाला बोलवायचं आणि ‘हे इथे का ठेवलंस?’ असं शांतपणे विचारायचं. त्याच्या उत्तरातून चूक कुठून आली ते कळतं.

इथे मी वीसपैकी वीसच मागतो. परीक्षेत अठरा आले तर छान म्हणतात, पण कपाटात दोन पुस्तकं चुकीच्या जागी गेली म्हणजे ती दोन पुस्तकं वर्षभर कुणालाच मिळत नाहीत. पाहिजे तितक्यांदा प्रयत्न करू द्या, घाई नको, गुण कुठे टांगू नका. पहिले दोन आठवडे प्रत्येक मुलाची पुस्तकं पट्टीसहच लागू देत.

वेळ आणि नोंद

धडे पाहण्याचा वेळ मानधनाच्या तासांत धरा. ही मुलं गरजेपोटी काम करतात. शिकायचं घरी, फुकट, असा निरोप गेला तर ती धडा पुढे ढकलत पडद्यावर ‘पुढे’ दाबत राहतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल. बऱ्याच जणांकडे घरी संगणक नसतो, फोनचा डेटा घरच्यांमध्ये वाटून वापरला जातो. ग्रंथालयातच बसायला जागा आणि वेळ द्या. सहा धड्यांना दोन आठवड्यांची मुदत पुरते, गणपतीची सुट्टी मध्ये आली तर तीन.

नोंदीसाठी साधी तक्त्याची फाइल ठेवा: नाव, धडा, पाहिल्याची तारीख, कपाटापाशीची तपासणी कुणी केली आणि कधी. शेवटचा रकाना भरल्याशिवाय त्या कामावर एकट्याला बसवायचं नाही.

धडा सर्वांना देण्याआधी एका नव्या मुलासमोर चालवून बघा. शेजारी बसा, पण काही बोलू नका. तो कुठे थांबतो, कुठे मागे जातो, कुठे तुमच्याकडे वळून बघतो, तेवढं लिहा.

दरवर्षी मेच्या सुट्टीत तक्ता आणि सरावाची उत्तरं काढून बसा. कपाटं हलली असतील तर फोटो बदला, प्रणालीची नवी आवृत्ती आली असेल तर पडद्यावरच्या पायऱ्या पुन्हा टिपा. मूळ फाइल दोन ठिकाणी आहेत ना, हे बघा. एखाद्या प्रश्नात निम्म्याहून जास्त मुलं अडखळली असतील तर तो प्रश्न नव्हे, त्याआधीचं समजावणं कच्चं आहे. तेवढाच दोन मिनिटांचा तुकडा नव्याने रेकॉर्ड करा आणि जूनमध्ये येणाऱ्या पहिल्या मुलासमोर पुन्हा चालवून बघा.